पाव मिलिमीटर

एप्रिलात गाडीचं काम करायचं तर सोलापुरात ते उजाडता उजाडता उरकावं लागतं. नऊ वाजले की शेडचा पत्रा तापतो, अकराला पाना हातात धरवत नाही, आणि दुपारच्या बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात थंड इंजिन नावाची गोष्टच शिल्लक राहत नाही. म्हणून आज पहाटे पाचलाच शटर वर केलं. टॅपेट लावायचे होते.

काम तसं किरकोळ. इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण उघडलं की आठ रॉकर दिसतात, प्रत्येकाच्या टोकाशी एक व्हॉल्व्ह. रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात थंड इंजिनावर पाव मिलिमीटर फट ठेवायची, बस्स. ही फट डोळ्यांनी मोजता येत नाही. फिलरची पोलादी पट्टी आत सरकवायची आणि हाताला विचारायचं. अडकली तर घट्ट, सुळकन गेली तर सैल. नव्या चादरीच्या घडीतून हात बाहेर ओढताना जेवढी ओढ लागते, तेवढी लागली की झालं. कुठला व्हॉल्व्ह केव्हा लावायचा याचा हिशेब नवाचा आहे: आठवा पूर्ण दबलेला असताना पहिला लावायचा, सातवा दबलेला असताना दुसरा, बेरीज नऊ आली पाहिजे. पंधरा वर्षं करतोय, तरी अजून बोटांवर मोजतो.

गाडी प्रीमियर ११८ एनई. १९८५ साली ती आली तेव्हा ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या गर्दीत तिच्याकडे लोक वळून बघायचे. आज तिचं नाव सांगितलं तर तरुण मुलं मॉडेल नंबर ऐकल्यासारखा चेहरा करतात. अंगाने ती फियाट १२४, म्हणजे १९६६ सालची इटालियन चौकोनी पेटी. पोटात निसानचं ११७१ सीसीचं ए-१२ इंजिन. ‘एनई’ ही अक्षरंसुद्धा ‘निसान इंजिन’चीच. मी ती अकलूजच्या एका बागायतदाराच्या गोठ्यातून आणली. बोनेटवर कडब्याचा भुसा होता आणि मागच्या सीटवर कोंबडी बसली होती. त्यानंतर मी तिला जोड कार्बोरेटर लावले, कॅमचा आकार बदलला, सायलेन्सरचा पाइप रुंद केला, मागची सीट काढून टाकली. कोंबडीची जागा गेली.

आमच्या बोळात तिला ‘इम्पोर्टेड’ म्हणतात. मी पूर्वी दुरुस्त करायचो, आता करत नाही. पिस्टनच्या रिंगा जपानहून येतात, त्यामुळे ते अगदीच खोटं नाही. पण प्रीमियर कंपनी काढली वालचंद हिराचंदांनी, आणि वालचंद सोलापूरचे. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी ते इथेच जन्मले, कापसाच्या आणि सावकारीच्या पेढीवर वाढले, पुढे जहाजांत शिरले, विमानांत शिरले, आणि मोटारी इथेच बनवायच्या म्हणून अमेरिकेत जाऊन क्रायस्लरशी करार करून आले. इंग्रज सरकारने पाठबळ दिलं नाही. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली, स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघू लागल्या, फियाटशी हातमिळवणी १९५१ साली झाली. १९५३ साली वालचंद गेले. ११८ एनई त्यांनी पाहिली नाही, पण बाहेरचं आणून इथे जोडायचं हा रस्ता त्यांचाच. अंग इटलीचं, काळीज जपानचं आणि कूळ सोलापूरचं, अशा गाडीला इम्पोर्टेड म्हणावं की नाही, याचा निकाल मी बोळावर सोडला आहे.

कॅमचंही तसंच. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनात कुठला व्हॉल्व्ह कधी आणि किती उघडेल हे ठरवणारी दांडी. तिच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात आणि ते रॉकरना खालून ढकलतात. इंजिन शांत स्वभावाचं की भांडखोर, हे या अंड्यांचा आकार ठरवतो. जगातल्या मोठमोठ्या मोटार कंपन्यांना या दांड्या पुरवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स १९९२ पासून आमच्या सोलापुरात आहे. जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई यांच्या गाड्यांत तिचा माल गेलाय. परदेशात कुणीतरी हौशी माणूस इथल्या दांडीची गाडी पळवत असेल आणि सोलापूर नकाशावर कुठे आहे हे त्याला ठाऊक नसेल. माझी कॅम मात्र तिथली नाही. एकट्यादुकट्या जुन्या इंजिनासाठी लाखांनी माल काढणारा कारखाना काय करणार? माझी जुनीच दांडी एमआयडीसीतल्या एका ग्राइंडिंगवाल्या अण्णांनी घासून नव्या आकाराची केली. घासण्याआधी त्यांनी ती उजेडाकडे धरली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, “वरचं कवचच कडक असतंय ओ. लई उतरवलं तर आतलं मऊ लागंल, मग हप्त्यात खाऊन जाईल.” ओतीव लोखंडाची अंडी थंड पट्ट्यांवर झटकन गोठवून वरचा थर कडक करतात; तो थर गेला की उरतं ते साधं बिडाचं लोखंड. अण्णांनी किती उतरवायचं ते स्वतः ठरवलं. मी मागितलं होतं त्यापेक्षा कमी. तेव्हा मी रुसलो होतो. कॅम अजून टिकून आहे.

या इंजिनावर माझा जीव का, ते सांगायला हवं. १९७० च्या दशकात जपानमध्ये फुजीच्या सर्किटवर निसानच्या छोट्या सनी कूपे याच ए-१२ वर पळायच्या आणि मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या वर जायच्या. बिडाचा ब्लॉक, कॅम खाली पोटात, वर पुशरॉड. कागदावर बघितलं तर शेतावरच्या पंपाला शोभेल अशी रचना. त्यातून तसला आवाज काढायचा म्हणजे बैलगाडीच्या चाकाकडून घड्याळाचं काम करून घेणं. सनीचा लहान पिकअप जपानमध्ये १९९४ पर्यंत बनत होता, दक्षिण आफ्रिकेत त्याच घराण्याचं १४०० चं इंजिन २००८ पर्यंत नव्या पिकअपमध्ये बसायचं. म्हणून तर आज सुटे भाग मिळतात. गॅस्केटची वाट बघत मी सहा-सहा आठवडे काढले आहेत. मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारात बोटं काळी केली आहेत. सहा आठवड्यांनी पाकीट येतं, त्यात तळहाताएवढी वस्तू असते आणि पाकिटावर तिच्या किमतीएवढी जकात.

आणि हे सगळं कशासाठी? पाव मैलासाठी. लोणावळ्याच्या पलीकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ४०२ मीटरची सरळ शर्यत भरते. पिवळे दिवे, हिरवा दिवा, आणि जा. माझी आजवरची सर्वांत चांगली वेळ १७.९ सेकंद. त्याच दिवशी शेजारच्या रांगेतून ज्या गाड्या सुटत होत्या, त्या मी तिसऱ्या गिअरमध्ये असताना पोचून परतीच्या रस्त्याला लागलेल्या असायच्या. एकदा पावसाळ्यात बसून मी हिशेब मांडला. सगळ्या धावा मिळून चाळीसेक, प्रत्येकी अठरा सेकंद धरले तर ७२० सेकंद. म्हणजे पंधरा वर्षांत मी एकूण बारा मिनिटं शर्यत केली आहे. कागद घडी करून फिलरच्या डबीत ठेवला. तो अजून तिथेच आहे, तेलाने पारदर्शक झालाय.

शर्यतीला जाताना गाडी स्वतः जात नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निर्मात्याच्या मूळ नमुन्यापासून गाडी बदलता येणार नाही; मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधीपासून तेच म्हणत होतं, आम्ही ते ऐकू न आल्यासारखं करत होतो. तेव्हापासून एमएच-१३ ची ती पाटी रस्ता बघत नाही. टॉवेलचे गठ्ठे पुण्याला नेणारा एक टेम्पो ठरलेला आहे. त्यात गाडी चढवायची, चाकांना लाकडं लावायची आणि दोन्ही बाजूंना सेकंडच्या मालाचे गठ्ठे ठोसायचे. साडेतीनशे किलोमीटर ती टॉवेलात गुंडाळून जाते, बाळंतिणीसारखी. मला या निकालाचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण रात्री अकरानंतर विजापूर रोडवर सायलेन्सर काढून बुलेट पळवणारी पोरं ऐकली की तो राग टिकत नाही. त्यांच्या आणि माझ्या हौसेत फरक फक्त जागेचा आहे, आणि या बाबतीत जागेचा फरक हाच सगळा फरक.

सांगोल्याचा माझा एक मित्र खिलार बैल पाळतो, शर्यतीचे. तो पहिल्यांदा शेडवर आला तेव्हा गाडीभोवती एक फेरी मारून त्याने विचारलं, “हिचं खाणं काय?” मी पेट्रोलचं, तेलाचं, प्लगचं सांगू लागलो. तो मान हलवत राहिला. त्याच्या बैलाला खुराक वेगळा, मालीश वेगळं, पोहणं वेगळं. पुण्याकडच्या घाटात एक बारी काही सेकंदांची असते, आमच्याकडच्या फज्जाच्या शर्यतीतही मिनिटाच्या आत निकाल. २०१४ साली बंदी आली तेव्हा शर्यत थांबली, खुराक थांबला नाही. सात वर्षं त्याने बैल दावणीला बांधून पोसले. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतीचा कायदा उचलून धरला. बंदी उठली तेव्हा त्याचा जुना बैल पळायच्या वयाचा राहिला नव्हता. “मग काय केलंस?” मी विचारलं. “काय करणार बे? सकाळी उठून खरारा केला,” तो म्हणाला, आणि पुन्हा गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघू लागला. त्याच्या मते ते थोडं आत झुकलेलं होतं. होतंच.

आता सर्वांत नवी कटकट उसाची. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आणि माझे जुने रबरी पाइप फुगून मऊ पडले, शेवयांसारखे. इथेनॉल स्वतः शर्यतीला वाईट नाही, उलट ठोका सहन करतं. पण त्याच्यात ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून मिश्रण पातळ होतं, म्हणून कार्बोरेटरची जेट मोठी बसवावी लागते. ते हवेतलं पाणीही ओढतं, आणि महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत ते पाणी बसून राहतं. आमच्या जिल्ह्यात राज्यातले सर्वांत जास्त साखर कारखाने. म्हणजे माझ्याच चुलत्याच्या पंढरपूरकडच्या रानातला ऊस माझ्याच गाडीचे पाइप खातोय. हे चुलत्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मग पाइप बदल की.” बदलले.

पण आज सकाळी मी थांबलो तो तिसऱ्या सिलिंडरपाशी. पट्टी आत घातली, ओढ नेमकी लागली, तरी पुन्हा एकदा घातली. तीन नंबरला मी दोनदा बघतो. का, ते अप्पांना माहीत आहे. अप्पा, म्हणजे माझे वडील, शेडच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. वय त्र्याऐंशी. ते इथल्या एका कापड गिरणीत फिटर होते. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू यांचे भोंगे ऐकून ज्या शहराने घड्याळं लावली, त्या शहरातलं हे माणूस. लूमच्या खात्यात तीस वर्षं घालवल्याने त्यांचे दोन्ही कान गेले. तिथे माणसं ओठ बघून बोलायची. घरातही आम्ही त्यांच्यासमोर येऊन, तोंड दिसेल असं बोलतो. गिरणी बंद पडली त्यानंतर कित्येक महिने ते रात्री उठून बसायचे. आई म्हणायची, आवाज नाही म्हणून झोप लागत नाही. तेव्हा त्यांना थोडंफार ऐकू येत होतं, की येत नव्हतं आणि तरीही कळत होतं, हे मला आजवर उलगडलेलं नाही.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. शर्यतीला चार दिवस होते. नव्या कॅमनंतर इंजिनाचे टॅपेट खटखट वाजत होते आणि मला ते गावठी वाटत होतं. तिथे मोठ्या गाड्यांच्या रांगेत आपलं इंजिन शिवणयंत्रासारखं वाजायला नको, एवढाच माझा विचार. मी फट कमी केली. पाव मिलिमीटरची निम्मी केली. इंजिन इतकं गोड, मऊ फिरू लागलं की मी शेजाऱ्याला बोलावून ऐकवलं. अप्पा उठून आले, त्यांनी टॉवेलाची घडी घेऊन झाकणावर ठेवली आणि तिच्यावर तळहात टेकला. जरा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “वाजंना झालंय.”

मी त्यांच्यासमोर जाऊन, ओठ नीट हलवून सांगितलं, “अप्पा, तेच तर पाहिजे होतं.”

“असं?” म्हणाले आणि जाऊन बसले. वाद घालायची त्यांना सवय नाही. आवाजात वाद घालता येत नाही, त्यांचं आयुष्य तिथे गेलं.

धावपट्टीवर दुसऱ्या धावेला गाडी तीन पायांच्या घोड्यासारखी झाली. घरी आणून कॉम्प्रेशन बघितलं तर तीन नंबर मेलेला. हेड उतरवलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला बोटाच्या पेराएवढी खाच. कडक भाकरीची कड मोडावी तशी, आणि मोडलेल्या जागी राखाडी, भाजलेली. कारण अगदी साधं होतं. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह तापून लाल होतो, आणि त्याला थंड व्हायला मुख्य जागा एकच असते: बंद झाल्यावर तो ज्या बैठकीवर टेकतो ती. तेवढ्या टेकण्यातून तो आपली उष्णता हेडला देतो. तापल्यावर दांडी लांब होते. तिला लांब व्हायला मी जागाच ठेवली नव्हती. मग तो पुरता टेकलाच नाही. दर फेरीला केसभर उघडा राहिला, त्या केसभर फटीतून जाळ गेला, आणि तो जळत असताना बाहेर एक आवाज नव्हता. मी मात्र शेजाऱ्याला बोलावून त्या शांततेचं कौतुक करत होतो.

तो व्हॉल्व्ह अप्पांनी ठेवून घेतला. त्यांच्या औषधांच्या डब्यात, रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी असतो. पाहुण्यांना दाखवत नाहीत, मला कधी काही बोलतही नाहीत. गोळी काढताना तो आधी बाहेर काढून ठेवावा लागतो, एवढंच.

साडेसहाला आठही टॅपेट झाले. लॉकनट आवळले, झाकण बसवलं, इंजिनाच्या फ्युएल पंपावर ओला टॉवेल टाकला. उन्हाळ्यात तो टाकावाच लागतो, नाहीतर पेट्रोल पाइपातच उकळतं. बायको आतून ओरडली, “चांगला टॉवेल नाही ना घेतला?” चांगलाच घेतला होता. चावी फिरवली. दोन खोकले, आणि इंजिन लागलं. खटखट, खटखट, आठही जण आपापल्या पाळीने. मी ॲक्सिलरेटर सोडून मंद फिरू दिलं.

अप्पा खुर्चीतून उठले. टॉवेलाची घडी केली, झाकणावर ठेवली, तळहात टेकला. शेडमध्ये ऊन तिरकं येऊन त्यांच्या नखांवर पडलं होतं. त्यांनी हात पुढून मागे सरकवला, थांबवला, परत पुढे आणला. एका जागी दोन बोटं दाबली.

“ह्यो,” म्हणाले.

पाच नंबर. तीन नंबरचा एक्झॉस्ट. मी दोनदा बघितलेला.

“घट्ट?” मी ओठ हलवले.

त्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणली, मधे काहीच दिसणार नाही इतकी, आणि मग अगदी किंचित दूर केली. मी चावी बंद केली. पाव मिलिमीटर थंड इंजिनावर लावायची असते. आता ते थंड व्हायला दोन-तीन तास लागणार, आणि तोवर ऊन डोक्यावर येणार. मी शटर अर्धं खाली ओढलं, बादलीत टॉवेल बुडवला आणि इंजिनाच्या डोक्यावर पसरला. वाफ निघाली. अप्पांनी खुर्ची सावलीत ओढून घेतली.